लग्नाआधीचं रक्त

बुधीने बोट पुढे केलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. तिच्या कडेवरचा नऊ महिन्यांचा जिग्नेश मात्र सुईकडे टक लावून बघत होता. पाच वर्षांची किंजल आईच्या साडीचा काठ धरून टेबलाखाली वाकली होती आणि तिथे ठेवलेल्या खोक्यांत काय काय आहे याचा शोध घेत होती.

"लग्न कधी आहे?" डॉक्टरीण बाईंनी कापसाने बोट पुसत विचारलं.

"वैशाखात."

"छान. वेळेवर आलीस. नवरा मुलगा आलाय का?"

"हा काय."

दाराशी चपला काढून उभा असलेला लाहू एक पाऊल पुढे आला आणि उगाचच केसांवरून हात फिरवू लागला.

"आणि ही पोरं? बहिणीची का?"

"नाय बाई. आमचीच."

डॉक्टरीण बाईंच्या हातातली सुई होती तिथेच थांबली. त्यांनी आधी बुधीकडे पाहिलं, मग लाहूकडे, मग टेबलाखालून वर आलेल्या किंजलकडे. बुधीने डोळे उघडले. आपलं काही चुकलं की काय असं वाटून ती घाईने म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, लग्नाच्या आधी रक्त तपासा म्हणून. लग्न अजून व्हायचंय. म्हणून आलो."

यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. डॉक्टर सुषमा खरमाटे बार्शीकडच्या. त्यांच्या गावात आधी लग्न होतं, मग पोरं होतात, आणि जगात सगळीकडे असंच चालत असणार असं त्या धरून चालल्या होत्या. तलासरीच्या या पाड्यांवर तसं नव्हतं. दोन घरं राजी झाली की मुलगी आपल्या पायांनी चालत नांदायला येते. संसार सुरू होतो, पोरं होतात, भात लावलं जातं, कापलं जातं. लग्न मागाहून, सगळ्यांना जेव्हा जमेल तेव्हा. कधी कधी तर एकाच मांडवात आधी बापाचं लग्न लागतं आणि लगेच पाठोपाठ लेकाचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

एकच गोष्ट तेवढी अडून राहते. लग्न लागलेलं नसेल तर बाई सवासीण होत नाही. पाड्यावर कुणाचं लग्न निघालं की त्या घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात, आणि तो सवासिणींनीच काढायचा असतो. बुधीचा हात लहानपणापासून चित्राला चांगला. लाहूच्या घरी आल्यापासून प्रत्येक लग्नात चौकासाठीचे तांदूळ ती भिजवायची, वाटायची, पीठ नीट पातळ करून वाटीत काढून द्यायची. आणि भिंतीशी बसायची वेळ आली की कुणी सांगायच्या आत स्वतःच उठून अंगणात जायची. तिला तसं उठायची इतकी सवय झाली होती की आपण का उठलो हेही कुणाला सांगावं लागत नसे. तिथून आत चाललेली गाणी ऐकू यायची, आणि भिंतीवरची रेघ वाकडी गेली की बायकांचं हसूही. आता वैशाखात तिचं स्वतःचं लग्न लागणार होतं. त्यानंतर तिला कुणी अंगणात उभं करणार नव्हतं. गेलं वर्षभर बुधीच्या मनात याखेरीज दुसरं काही नव्हतं.

"बरं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, ते बुधीला कळलं नाही. "आलाच आहात तर पोरांचंही रक्त घेऊ या."

किंजलने सुई टोचून घेतली आणि बक्षीस म्हणून एक रिकामं खोकं मागून घेतलं. जिग्नेशचा तळहात बाईंनी आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला, बोटं हलकेच दाबली.

"याचे हात कधी सुजले होते का गं?"

"सुजले होते की. थंडीत. दोन्ही हात, पाय पण. रात्रंदिवस रडत होता. आम्हाला वाटलं, कायतरी चावलं. मग आपोआप उतरली सूज."

बाईंनी मान हलवली. मंडळी निघाली तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि जिग्नेशचं कुंचीतलं डोकं एकदा कुरवाळून गेल्या.

ही सतरा सालच्या माघातली गोष्ट. घरी परत आल्यावर पाड्यावर व्हायची ती चेष्टा झालीच. लाहूची आई जमना धाकट्या लेकीसोबत दिवसभर डहाणूकडच्या चिकूवाडीत काम करून संध्याकाळी परतली, तिने पोरांच्या बोटांवरचा कापूस पाहिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"आता रक्त बघून काय करणार?" ती म्हणाली. "नाय जमलं तर पोरं परत करायची काय?"

बुधीही हसली. पण ती उगाच गेली नव्हती. मागच्या पावसाळ्यात खालच्या आळीतल्या बारक्याची चार वर्षांची मुलगी अंग दुखतं म्हणून रडत रडत दोन दिवसांत गेली. त्यानंतर डॉक्टरीण बाई स्वतः पाड्यावर आल्या होत्या. चिंचेखाली सगळ्यांना बसवून त्यांनी सिकलसेलचं सांगितलं होतं. काही माणसांच्या रक्तातले गोल कण विळ्यासारखे वाकतात, बारीक नसांत अडकतात, मग हाडं ठणकतात, ताप चढतो, पोर हातचं जातं. आईबाप दोघांच्या रक्तात ते असेल तर पोराला होतं. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, आणि दोघांचं सारखं निघालं तर लग्न करू नका. बोलताना बाईंचा आवाज बसला होता. बारक्याची मुलगी त्यांच्याच हातांवर गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढे त्यांनी हेच शाळेच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं. चिंचेखाली बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ऐकून सोडून दिलं. बुधीने मनात धरलं. आणखी एकाने धरलं, तो लाहूचा चुलता, काकड्या.

काकड्या म्हणजे त्या घरातला कर्ता माणूस. लाहूचा बाप लवकर गेला, तेव्हापासून भात कधी कापायचं इथपासून लग्न कधी काढायचं इथपर्यंत सगळं काकड्याच्या शब्दावर चाले. तीन वर्षांपूर्वी याच काकड्याची छाती टीबीने पोखरली होती. महिनाभर गोळ्या घेऊन जरा बरं वाटताच त्याने त्या चुलीत टाकल्या. डॉक्टरीण बाई त्याला शोधत घरी आल्या, ओट्यावर बसल्या, आणि "तुम्ही गोळी गिळल्याशिवाय मी उठत नाही" म्हणून खरोखरच दुपारपर्यंत उठल्या नाहीत. तो बरा झाला. आता सत्तरीला आलेला हा माणूस बाईंची जीप लांबून दिसली तरी बाजेवरून उठून उभा राहायचा. जीप पुढे निघून गेली तरी धूळ बसेपर्यंत उभाच.

आठवडाभराने आरोग्य केंद्रातला तुषार मोटरसायकलवरून आला. त्याला पुढे दोन पाडे करायचे होते, त्यामुळे त्याने गाडी बंदही केली नाही.

"लाहू, तुमच्या दोघांच्या रक्तात निघालंय," तो इंजिनाच्या वरताण ओरडून म्हणाला. "बाईंनी बोलावलंय. पोरांना घेऊन या."

आणि गेला. त्या वेळी लाहू घरात नव्हताच. अंगणात कुडाच्या भिंतीला शेण लावत असलेली बुधी होती, आणि बाजेवर काकड्या होता.

संध्याकाळी लाहू आणि जमना आल्यावर काकड्याने दोघांना समोर बसवलं.

"लग्न नाय करायचं," तो म्हणाला.

"का?" लाहूने विचारलं.

"बाई काय बोलली चिंचेखाली? दोघांचं सारखं निघालं तर लग्न करू नका. शाळेच्या भिंतीवर पण तेच हाय. पोरांना विचार, वाचून दाखवतील."

"काका, सहा वर्षं ती घरात हाय. दोन पोरं झाली."

"झाली ना. मी काय तिला घालवतोय? नांदू दे. पोरं वाढू देत. त्याबद्दल बाई काय बोलली नाय. लग्न करू नका, एवढंच बोलली."

बुधी चुलीशी होती. फुंकणी हातात तशीच धरून ती म्हणाली, "मी नांदते ते चालतं, पोरं चालतात, आणि लग्नच नाय चालत?"

काकड्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट त्याला वाईट वाटत होतं आणि ते दिसत होतं.

"बुधी, हा जीव त्या बाईचा हाय," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "तिचं ऐकलं नव्हतं तेव्हा मरायला लागलो होतो. ऐकलं आणि जगलो. आता तिचा शब्द मी मोडायचा?"

दुसऱ्या दिवशी काकड्या स्वतः चालत जाऊन रखमीला सांगून आला. रखमी धवलेरी. या भागात लग्न ब्राह्मण लावत नाही, धवलेरी लावते, आणि तिची गाणी पूर्ण झाल्याशिवाय लग्न लागत नाही. वैशाखातला तिचा दिवस काकड्याने मोकळा करून दिला. मग पाड्यावर सगळ्यांना कळलं.

बुधीला दोष द्यायला कुणी सापडेना. काकड्यावर रागवावं तर तो बिचारा बाईंच्या ऋणात. बाईंवर रागवावं तर त्यांनी सगळ्यांच्या भल्याचंच सांगितलेलं. शेवटी राहता राहिली ती स्वतःच. कुणी बोलावलेलं नसताना ती आपणहून उठली होती, नवऱ्याला आणि पोरांना घेऊन गेली होती, बोट पुढे केलं होतं. पाड्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही बाईने हे केलं नव्हतं आणि त्या सगळ्यांची लग्नं लागत होती. लाहू रोज सकाळी "मी बोलतो काकाशी" म्हणायचा आणि रोज संध्याकाळी काकाशेजारी बसून विडी ओढायचा.

बाईंनी बोलावलं होतं, पण बुधी गेली नाही. पुन्हा निरोप आला तेव्हाही नाही. त्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं तिने ठरवूनच टाकलं होतं. जिग्नेश तसा बरा दिसत होता, रांगत होता. मधूनच किरकिरायचा, पण कुठलं पोर किरकिरत नाही?

मग एका रविवारी दुपारी, सगळे घरी असताना, डॉक्टरीण बाईच आल्या. जीप डांबरी रस्त्यावर ठेवून, बांधाबांधाने चालत, खांद्याला पिशवी लावून. काकड्या उठून उभा राहिला. बाईंनी त्याला बसवलं, स्वतः ओट्यावर टेकल्या आणि जमनाने दिलेलं पाणी एका दमात प्यायल्या.

"बुधी, दोनदा निरोप पाठवला. आली का नाहीस?"

बुधी कुडाच्या आड उभी होती. काकड्याच पुढे झाला आणि मोठ्या समाधानाने म्हणाला, "बाई, तुम्ही काळजी करू नका. तुमचा शब्द ठेवला. लग्न मोडून टाकलं."

"कुणाचं लग्न?"

"यांचंच. लाहूचं."

बाईंना आधी कळेना. काकड्याने सगळं सांगितलं, चिंचेखालचं बोलणं, शाळेची भिंत, तुषारचा निरोप, रखमीला दिलेला नकार. एखाद्याने फेडलेला नवस सांगावा तसं तो सांगत होता. तो बोलत असतानाच बाईंनी पदराने तोंड पुसलं, मग तोंडावरचा पदर काढलाच नाही. जमनाला वाटलं बाईंना ऊन लागलं. तिने आणखी पाणी आणलं.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही माझं ऐकलंत, पण मीच नीट बोलले नाही. इथली रीत मला ठाऊक नव्हती. पोर होण्याआधी तपासा, असं मला म्हणायचं होतं. पोरगी नांदायला जाण्याआधी, मन बसण्याआधी. तोंडातून लग्न असं निघालं. आमच्याकडे लग्न आधी असतं."

"म्हणजे लग्नाने काय होत नाय?"

"लग्नाने कुणाला काही होत नाही. हे दोघं एकमेकांचे आहेत, दोन पोरं आहेत. त्यांचं लग्न लावा. थाटात लावा. मी जेवायला येते."

काकड्या विचारात पडला. त्याने एकदा शाळेच्या दिशेने पाहिलं.

"पण भिंतीवर तर..."

"भिंत मी बदलते."

काकड्याने मान डोलावली. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. बाईंनी आधी नको म्हटलं म्हणून मोडलं, आता हवं म्हणतात म्हणून लावायचं. तो तसाच काठी घेऊन उठला आणि रखमीच्या घराकडे चालू लागला, कारण वैशाखातले दिवस भरत चालले होते.

कुडाच्या आड बुधी अजून उभीच होती. बाहेर येऊन बाईंच्या पाया पडावं असं तिला वाटलं, पण बाईच उठून आत आल्या आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्यांनी जिग्नेशला मांडीवर घेतलं.

"मी लग्नाचं काही ठाऊक नसताना आले होते बुधी. मी याच्यासाठी आले," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. हळू आवाजात, पण काही न लपवता. प्रत्येकाला रक्ताच्या बियाण्याचे दोन दाणे मिळतात, एक आईचा, एक बापाचा. बुधीत एक चांगला, एक वाकडा. लाहूतही तसंच. एकच वाकडा असला की माणसाला काही होत नाही, दोघं धडधाकट आहेतच. किंजलच्या वाट्याला दोन्ही चांगले आले. जिग्नेशच्या वाट्याला दोन्ही वाकडे. थंडीत हातपाय सुजले होते ते चावण्याने नव्हे.

बुधीने सगळं ऐकलं. एवढा वेळ छातीत दाटलेला आनंद आता कुठे ठेवायचा ते तिला कळेना. तो तसाच राहिला, आणि त्याच्याच शेजारी हे येऊन बसलं.

"बारक्याच्या पोरीसारखं?" तिने विचारलं.

"आजार तोच. पण बारक्याच्या पोरीचा आजार मला ती गेल्यावर कळला. याचा आज कळलाय, हा अजून रांगतोय तोवर. यात फार फरक आहे." बाईंनी जिग्नेशला मांडीवर सावरून घेतलं. "तू पोरांना घेऊन आलीस म्हणून कळला. मी सांगितलं होतं तसं तुम्ही फक्त दोघंच आला असतात, तर कळला नसता."

"घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून आणली होती," बुधी म्हणाली.

"हो का? बरं झालं कुणी नव्हतं."

बाईंनी पिशवीतून औषध काढलं आणि सकाळ-संध्याकाळ किती द्यायचं ते लाहूकडून आणि बुधीकडून दोन-दोनदा वदवून घेतलं. एक लस डहाणूहून मागवावी लागणार होती, ती त्या स्वतः आणून टोचणार होत्या. पोराला भरपूर पाणी पाजायचं. थंडीत उघडं ठेवायचं नाही, मच्छरदाणीशिवाय झोपवायचं नाही. अंग नुसतं कोमट लागलं तरी वाट न बघता उचलून आणायचं.

"भगताकडे न्यायचं की नाय?" जमनाने दारातून विचारलं.

"न्या की. आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे. उलटं नको."

शेवटी त्यांनी बुधीचा हात घेतला आणि तिची बोटं जिग्नेशच्या पोटावर, डाव्या बरगड्यांच्या खाली ठेवली. हलकेच दाबायला लावली.

"काय लागतंय?"

"काय नाय. मऊ हाय."

"असंच मऊ राहायला हवं. इथे पाणथरी असते. या आजारात ती एकदम सुजते, मग हाताला कडक लागते. रोज सकाळी बघायचं. कडक लागलं की पळत यायचं, मग मी असो नाहीतर नसो, केंद्रात कुणीतरी असेल."

जिग्नेशला गुदगुल्या झाल्या, तो हसायला लागला. बुधीला मात्र त्या वेळी रडू फुटलं. ती बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि बाई तिला थोपटत राहिल्या. उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं. पुढचं मूल हवं असेल तर त्याआधी दोघांनी येऊन भेटायचं. लाहू म्हणाला, आम्हाला दोन पुष्कळ. ते तो बुधीला न विचारता म्हणाला होता, पण त्या दिवशी बुधीलाही तसंच वाटत होतं.

वैशाखात लग्न लागलं. पाड्यावरच्या पोरांनी चारोटीहून डीजे आणला होता. रखमी गायला बसली तेव्हा तो बंद करायला कुणी तयार होईना, तर काकड्याने जाऊन वायरच ओढली. बुधीला आणि लाहूला हळद लागली, किंजलने आपलीही गालांना फासून घेतली आणि "माझं पण लग्न" असं सगळ्यांना सांगत फिरली. डॉक्टरीण बाई उशिरा आल्या, पंगतीत मांडी घालून बसल्या. जेवण झाल्यावर त्यांनी जिग्नेशला जवळ घेऊन त्याच्या सदऱ्याखाली हात घातला, पोट तपासलं, आणि बुधीकडे बघून मान हलवली. नवरी असलेली बुधी गर्दीतून तेवढ्यासाठीच त्यांच्याकडे बघत होती.

मग पाऊस लागला. लावणीच्या दिवसांत पाड्यावरच्या बायका पोरांना बांधावर इरल्याखाली ठेवतात. बुधीने जिग्नेशला एकही दिवस बांधावर नेलं नाही. जमना घरी राहिली आणि तिच्या वाट्याची लावणी बुधीने केली. रोज पहाटे पोर झोपेत असतानाच ती त्याच्या बरगडीखाली बोटं ठेवायची. हात गार असायचे, म्हणून आधी चुलीवर शेकून घ्यायची. आषाढात पाड्यावर ताप फिरला, शेजारची तीन घरं आडवी झाली. बुधी दिवसातून दहा वेळा पोराच्या कपाळाला हात लावायची. श्रावण गेला, भादवा सरत आला. भात पोटरीला आलं.

नवरात्राआधी पाड्यावर एक लग्न निघालं. कुणीतरी लवकर परगावी कामाला जाणार होतं म्हणून घाईने काढलेलं. बुधीने सवयीने तांदूळ वाटले, पीठ वाटीत काढलं आणि उठली. रखमी म्हणाली, "आता कुठं चालली?" तेव्हा तिला आठवलं. ती भिंतीशी बसली. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी सरळ आली. त्या दिवशी संध्याकाळी घरी येताना तिला वाटलं, हे बाईंना सांगायला हवं. पण मग वाटलं, यापेक्षाही मोठं दुसरं एक सांगायचं आहे.

दसऱ्यानंतर ती केंद्रात गेली. सोबत लाहूची धाकटी बहीण शितल होती, एकोणीस वर्षांची. शाळेवरून जाताना शितलने भिंतीवरची नवी अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली, 'नांदायला जाण्याआधी रक्त तपासा.' निळ्या रंगाखालून जुनं थोडं थोडं दिसत होतं.

केंद्राबाहेर रांग मोठी होती. कुणाच्या पायाला विळा लागलेला, कुणाला खोकला, कुणाचं पोर तापाने फणफणलेलं. त्यात चांगलं गुटगुटीत पोर घेऊन उभ्या असलेल्या बुधीकडे दोघीतिघींनी वळून पाहिलं. तिचा नंबर आला.

"हिचं रक्त घ्या बाई," तिने शितलला पुढे केलं.

बाईंनी सुई काढली. "लग्न..." असं म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या घरी नांदायला जायचं ठरलंय का?"

"अजून कुणी विचारायला पण आलं नाय," शितल लाजून म्हणाली.

बाईंनी हसून तिचं बोट धरलं. तिचं झाल्यावर त्या जिग्नेशकडे वळल्या. त्याला त्यांनी टेबलावर घेतलं, पापण्या ओढून पाहिल्या, पोटाला हात लावला.

"याला काय होतंय?"

"काय नाय."

"ताप?"

"नाय."

"हातपाय सुजले? रात्री रडला?"

"नाय बाई."

"औषध संपलं का?"

"हाय अजून आठवड्याचं. तुषारदादा आणून देतो."

"मग?"

बुधीने साडीचा पदर नीट केला. वाटेत तिने मनाशी बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं आता काहीच आठवेना.

"पाऊस गेला," ती म्हणाली. "काय झालं नाय. तेच सांगायला आले."

तुषारने दारातून डोकं आत घातलं आणि बाहेर माणसं ताटकळली आहेत असं सांगितलं. बाईंनी त्याच्याकडे न बघताच हाताने त्याला थांबायची खूण केली. त्यांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

रांगेच्या गलक्यात बाईंना नीट ऐकू आलं नसावं असं बुधीला वाटलं. म्हणून तिने पोराला मांडीवर घेतलं, स्टुलावर नीट बसली आणि आषाढापासून सांगायला सुरुवात केली.